निंदलेलं कुरण

शालीकरामला स्वतःच्याच कुरणाची भीती वाटायची. गावात हे कबूल करायची मात्र सोय नव्हती.

चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे त्याचं दोन एकर कुरण होतं. गडी हाडाचा धानकरी. धानाची बांधी निंदतात, तण उपटून साफ करतात, तसं या शहाण्यानं कुरणही निंदायला घेतलं! एकाच जातीचं गवत ठेवायचं, बाकी सगळा कचरा. बायको शामकला परोपरीनं सांगायची, "रानमुंगाचा वेल काऊन उपटून राहिले? गवताले बी सोबत लागते." त्यानं ते हसण्यावारी नेलं आणि तिच्याच हातात खुरपं दिलं. त्रेपन्नच्या श्रावणात वेल उपटताना तिला साप डसला आणि ती तिथंच गेली.

पुढं चार वर्षं त्यानं सगळं कुरण निंदलं. ती पडली तेवढी जागा सोडली. तिथं हात घालायची छाती नव्हती. जवळून गेलं की खुरप्याचा आवाज यायचा.

कुरण दरसाल पिवळं पडत गेलं. ती जागा मात्र हिरवीगार. गाभण गाय हाकललं तरी तिथंच तोंड घालायची. बाकीच्या गवतावर ती वेतापर्यंत टिकणार नव्हती.

"शामकला बसली हाय तिथं," शेजारचा उदाराम म्हणाला. "गाईले बलावून राहिली. पेटवून दे."

कार्तिकात, भर दुपारी शालीकराम काडीपेटी घेऊन गेला. पेटवायला म्हणून तिथलंच मूठभर वाळकं गवत उपटलं, तर सोबत रानमुंगाचा वेल मुळासकट आला. मुळांना बारीक गाठी होत्या, धान कापल्यावर बांधीत होणाऱ्या लाखोळीच्या डाळीच्या मुळांना असतात तशा. लाखोळीनं बांधीची माती सुधारते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. गवताचंही तसंच असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. शामकलेच्या आलं होतं.

भीतीपोटी का होईना, एवढ्याच जागेत त्यानं तिचं ऐकलं होतं. त्याला रडू कोसळलं.

वाळल्या शेंगा त्यानं ओच्यात तोडून घेतल्या आणि गाईला तिथंच मोकळं सोडलं.

"पेटवलं का गा?" उदाराम बांधावरून ओरडला.

"नाही. तिनं सांगतलं ते करून राहिलो."

उदाराम आल्या पावली पळाला.

शालीकराम पिवळ्या गवतात दाणे टाकत निघाला. दर दोन पावलांवर थांबून तो मागं कानोसा घेत होता. खुरप्याचा आवाज यावा, असं त्याला आज पहिल्यांदाच वाटत होतं.