शटरवरचे दोन हात

टिटवीला घरात टिटवी म्हणायचे ते तिच्या आवाजामुळे. लहानपणापासून कुठे भांडण दिसलं की ती मध्ये पडायची आणि असा गलका करायची, की भांडणारेच कानांवर हात ठेवून आपापल्या वाटेला लागायचे. पदवी हातात आली, नोकरीचा पत्ता नव्हता आणि रिकामं बसवत नव्हतं, म्हणून ती युवा शांतता केंद्रात स्वयंसेवक झाली. आईला त्याचं काही नवल वाटलं नाही.

"जा बाई," आई म्हणाली. "तू मध्ये पडत आलीस म्हणून माझं न् तुझ्या बाबांचं एकही भांडण आजवर पुरं झालेलं नाही. आता बाहेरच्यांनाही कळू दे."

केंद्रात संचालिकाबाईंनी आठवडाभर शिकवलं. त्यांचा आवाज इतका मऊ, की मागच्या रांगेत निम्मे शब्द पोचायचेच नाहीत. समोरच्याचं मध्ये न तोडता ऐकायचं. मग त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं. बाजू कुणाचीच घ्यायची नाही. टिटवीनं सगळं मनापासून घोकलं. शेवटच्या दिवशी तिला निळा टी-शर्ट मिळाला, पाठीवर 'मी सेतू आहे' असं छापलेला. अंगात घातल्यावर तिला खरोखरच दोन्ही बाजूंनी टेकू मिळाल्यासारखं वाटलं.

तिला काम मिळालं ते पोस्टामागच्या गल्लीतलं. तिथे किल्लीवाले काका आणि शिवणकामवाल्या काकू यांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती आणि दोघांत विस्तव जात नव्हता. कारण काय, तर कचऱ्याचा डबा. नगरपालिकेनं तो दोन दुकानांच्या मधोमध ठेवला होता. सकाळी काका यायचे आणि पायानं तो काकूंकडे ढकलायचे. दुपारी काका जेवायला गेले, की काकू तो परत काकांच्या दारात लोटायच्या. कित्येक वर्षांत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. बघता बघता गल्लीचेही दोन तट पडले होते. काकांच्या बाजूचे लोक डबा काकूंच्या दारात असला की लांबूनच नेम धरून पिशवी फेकायचे आणि नेम मुद्दाम चुकवायचे. काकूंच्या बाजूचेही काही कमी नव्हते.

टिटवी आधी काकांकडे गेली. ते किल्लीवर कानस घासत होते.

"ती बाई मुद्दाम करते," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की त्या मुद्दाम करतात."

"वाटतं काय? करते!"

"म्हणजे तुमची खात्री आहे, की त्या मुद्दाम करतात."

काकांनी कानस खाली ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, ऐकायला कमी येतं का तुला?"

काकूंकडे तर एवढंही जमलं नाही. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. टिटवीनं पुष्कळ विचारलं, त्यावर नुसतं "हं" आलं. अखेर टाचण्या काढून काकू म्हणाल्या, "माझं सगळं ऐकून करणार काय तू? डबा उचलून नेणार आहेस?"

"आम्ही डबे उचलत नाही, काकू. आम्ही माणसांना जवळ आणतो."

"मग आधी जरा लांब सरक. उजेड अडतोय."

केंद्राच्या बैठकीत टिटवीनं हे सांगितलं, तेव्हा गटप्रमुखाच्या डोक्यात कल्पना आली. गटप्रमुख म्हणजे दाढी राखलेला, सतत मान डोलावणारा तरुण. "शब्द हरतात तिथे रंग बोलतात," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद असताना निळ्या टी-शर्टांची टोळी शिडी आणि रंगाचे डबे घेऊन गल्लीत उतरली. एक हात काकांच्या शटरवर निघाला, दुसरा काकूंच्या भिंतीवर, आणि मधोमध दोन्ही हातांनी एकमेकांची बोटं गुंफली. काकूंच्या खिडकीसमोर मैत्रीची म्हणून मोठमोठ्या कुंड्या मांडल्या. कचरा शिडीच्या पायात येत होता. तो कुणी उचलला नाही, पण फोटोत दिसू नये म्हणून गटप्रमुखानं त्याच्यापुढे एक फलक उभा केला, 'ही गल्ली बोलते.' टिटवीनं शटरवरच्या अंगठ्याला स्वतः जाडजूड रंग दिला. अंगठा नेमका कुलपावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली घातली, ती अर्धी जाऊन अडकली. रंग आत ओघळून दगडासारखा घट्ट झाला होता. अख्ख्या गावाची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्या दुकानाबाहेर उभा होता आणि हत्यारं आत होती. एक बाई घराला चुकून कुलूप लागलं म्हणून धावत आली होती. ती एकदा काकांकडे बघायची, एकदा शटरकडे. तिकडे काकूंच्या मशीनवर अंधार होता आणि कुंड्या एकटीला हलेनात.

टिटवी आली ती नेमकी याच वेळी, दोघांचे चेहरे कसे फुललेत ते पाहायला.

काका आभाळाकडे बघत म्हणाले, "मशीनचं तेल मिळेल का कुठे?"

"कोण विचारतंय?" काकू आतून म्हणाल्या.

"मी विचारतोय."

"मग माझ्याकडे बघून विचारा."

गल्ली श्वास रोखून उभी राहिली. काकांनी मान वळवली. "आहे का तेल?"

"आहे. पण आधी त्या कुंड्या बाजूला करा."

टिटवीला भरून आलं. ती पुढे झाली. "म्हणजे तुम्हा दोघांनाही असं वाटतं, की..."

"तू गप्प बस!" दोघं एका सुरात म्हणाले.

काकांनी कुंड्या ओढल्या. काकूंनी कुलपात तेल सोडलं आणि जाड सुईनं एकेक पापुद्रा टोकरत रंग काढला. हात चालू होते तसं तोंडही सुटलं. हल्लीची पोरं, त्यांची शिडी, तो दाढीवाला, त्या टाळ्या. इतक्या वर्षांत ज्यांचं कशावर जमलं नव्हतं, त्यांचं या एका विषयावर शब्दाला शब्द लागून जमलं. शटर उघडलं, त्या बाईचं काम झालं, आणि काकांनी स्कूटर काढली. मागे काकू बसल्या. दोन्ही तट दारांत उभे राहून आ वासून बघत होते. टिटवी मागून चालत निघाली.

ती केंद्रात पोचेपर्यंत संचालिकाबाईंचे डोळे पाणावले होते.

"तुम्ही दोघं एकत्र आलात," त्या म्हणत होत्या.

"तक्रार करायला आलोय, बाई."

"पण एकत्र!"

काकूंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दोन संतापलेले चेहरे दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या भिंतीवर लागले. खाली लिहिलं होतं, 'संवादाचा विजय'. आणि यंदाचा 'सर्वोत्तम सेतू' पुरस्कार टिटवीला जाहीर झाला.

क्षणभर ती फुलून गेली, नाही असं नाही. मग तो फोटो बघता बघता तिला स्वतःचीच लाज वाटली. त्याच दुपारी ती टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या घेऊन गल्लीत गेली आणि शटर घासायला लागली.

"वरून खाली घास," काका म्हणाले.

"काहीतरीच! खालून वर घासायचं," काकू दारातून म्हणाल्या.

"शटर माझं आहे!"

"अक्कल कुणाची आहे?"

दोघं समोरासमोर, कमरेवर हात ठेवून भांडायला लागले. टिटवीचं तोंड सवयीनं उघडलं. मग तिनं ते मिटलं आणि आडवं घासायला सुरुवात केली. थोड्या वेळानं दोघं आपोआप दमले. काकूंनी चहा मागवला, काकांचाही.

"एवढी घासतेच आहेस, तर तो डबाही धू," काकू म्हणाल्या.

"हे मात्र बरोबर बोललात," काका म्हणाले.

डबा आला त्या दिवसापासून त्याला कुणी पाणी लावलं नव्हतं. टिटवीनं ओढणी नाकाला बांधली, सांडलेलं आत भरलं, डबा कचरागाडीत रिकामा केला आणि नळाखाली धरला. वासानं डोळ्यांतून पाणी आलं. काकांच्या तटातला एक जण मुकाट्यानं बादली घेऊन आला, काकूंच्या तटातली एक बाई खराटा. खाली डब्याचा हिरवा रंग निघाला. तो हिरवा होता हे गल्लीला नव्यानंच कळलं.

"कुठे ठेवू?" टिटवीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"राहू दे मधेच," काका म्हणाले. "स्वच्छ आहे तोवर."

"म्हणून दर शनिवारी यायचं," काकूंनी बजावलं.

ती येत राहिली. पुरस्काराचा समारंभ निघाला तोही शनिवारीच. तिनं चाचरत सुट्टी मागितली.

"कसलं बक्षीस?" काकांनी विचारलं.

"तुमचं भांडण मिटवल्याचं."

काकूंचं मशीन थांबलं. दोघं एकमेकांकडे बघून इतकं हसले, की काकांना ठसका लागला.

"मिटलंय असं सांगितलं कुणी?" काकू म्हणाल्या. "अजून पुष्कळ शिल्लक आहे. जायचं तर जा, काम उरकून."

टिटवी सभागृहात पोचली तेव्हा डबा धुतलेल्या पाण्यानं तिच्या बाह्या ओल्या होत्या. मंचावर तिच्या शेजारच्या गटप्रमुखानं खुर्ची थोडी सरकवली, मग आणखी थोडी. संचालिकाबाई तिला मिठी मारायला हात पसरून पुढे आल्या, अर्ध्या वाटेत थबकल्या, आणि हसतमुखानं लांबूनच सन्मानचिन्ह पुढे केलं.