खुंटी झालेला हातपंप

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. रस्त्याच्या कडेला दिसतो तो नव्हे. मी एका मालवाहू मोटरबोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी उभा आहे. आणि मी जळकुकडा आहे. पुढे तुम्हाला ते कळणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझी नळी पितळेची. आत दट्ट्याला चामड्याची एक वाटी बसवलेली आहे, ती एका चपला शिवणाऱ्याने कापून दिली होती. बोट कितीही चांगली असली तरी तळाशी थोडे थोडे पाणी साचतेच. ते उपसून बाहेर टाकायचे, हे माझे काम. मला बसवले ते बाबांनी, बोट त्यांचीच. रोज सकाळी किटली तापली की ते पहिला पेला कोमट पाणी माझ्यात ओतायचे, म्हणजे चामडे मऊ राहायचे. "आधी त्याला, मग मला," असे म्हणून मग स्वतःचा चहा करायचे. एकदा आई म्हणाली, "बिस्किटही देऊन टाका त्याला." मला ते फार आवडले होते.

बावीस वर्षांनी बाबांचे गुडघे गेले आणि बोट मुलांकडे आली. सुकाणू दादाकडे, इंजिन ताईकडे. पहिल्याच वर्षी दादाने विजेचा पंप आणला. पांढरा, जेमतेम तांब्याएवढा. तो तळाशी बसतो आणि पाणी वाढले की आपला आपण सुरू होतो. प्रत्येक धक्क्यावर दादा लोकांना तो वाकून वाकून दाखवायचा. "याला हातसुद्धा लावावा लागत नाही," म्हणायचा. मला बावीस वर्षे हात लावत होते, त्याचे कोणाला काही नव्हते.

मी खुंटी झालो. माझ्या दांड्यावर टॉवेल, ओले मोजे, दादाचे बनियन. कोमट पाणी बंद झाले, चामडे वाळून कडक झाले. खाली तो लाडोबा घूं घूं करत पाणी फेकायचा आणि माझ्या पोटात दुखायचे. एकदा तरी याची फजिती व्हावी, असे मला रोज वाटायचे.

मग तो प्रवास आला. अकरा दिवसांचा, किनाऱ्याकिनाऱ्याने, शाळेची बाके पोचवायला. सहाव्या दिवशी सकाळपासूनच समुद्र खवळलेला होता. मागे फिरायचे तर तेवढेच अंतर, म्हणून दादाने बोट पुढेच काढली. एका लाटेने बोट अशी कलली की माझ्या दांड्यावरचे बनियन घसरले आणि तळाच्या पाण्यात पडले. ते सरकत सरकत लाडोबाच्या तोंडाशी गेले. त्याने ते पाण्याबरोबर ओढून घेतले. मित्रांनो, मी हे पाहिले, आणि मला आनंद झाला.

लाटा वरून आत येत होत्या. तासाभरात ताईचे पाय भिजले, तेव्हा तिने खाली पाहिले.

"दादा, पंप घुमतोय, पण पाणी जात नाहीये," ती वर ओरडली.

"तोंडात काहीतरी अडकलं असेल. हात घालून बघ."

"कसा घालू? वर इंजिनाचा पट्टा फिरतोय. इंजिन बंद करतोस?"

"बंद केलं तर बोट लाटांना आडवी होईल. डावीकडे खडक आहेत."

पाणी पट्ट्यापासून चार बोटे खाली होते. ते पट्ट्याला लागले की इंजिन आपणहून बंद पडणार होते. माझा आनंद तिथेच संपला. इतका वेळ मी फक्त त्याची फजिती पाहत होतो. ताई त्याच बोटीत आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

तिने माझ्यावरचे टॉवेल फेकून दिले आणि दांडा ओढला. माझ्यातून नुसती फुस्स हवा निघाली. पुन्हा ओढला, पुन्हा फुस्स. इतक्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सोड ते भंगार, बालदी घे," दादा वरून म्हणाला.

"बालदीने नाही भागणार. थांब जरा. बाबा याला आधी गरम पाणी पाजायचे."

जवळ गरम असे एकच होते, थर्मासमधला चहा. तिने तो थोडा थोडा माझ्यात ओतला. मग दांडा धरून ती शंभरपर्यंत आकडे मोजत बसली. पाणी चढत होते आणि ती मोजत होती. माझे चामडे हळूहळू फुगले. तिने ओढले आणि या वेळी मी पाणी धरले.

अडीच तास ती मला ओढत होती. तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले. मी एकही घोट सोडला नाही.

बंदरात इंजिन बंद केल्यावर ताईने तळात हात घातला आणि बनियन ओढून काढले. दादा ते बघत राहिला. "माझंच की," तो म्हणाला.

"तुला खुंटी हवी होती ना," ताई म्हणाली आणि थर्मास त्याच्या हातात दिला. तळाशी कपभर चहा उरला होता. दादाच्या पोटात सकाळपासून काही नव्हते. त्याने कप भरला, तोंडाशी नेला आणि मग उठून तो सगळा माझ्यात ओतला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू खुंटी झाली असेल, तर तिच्यावरचे ओले कपडे तेवढे काढा आणि तिला अधूनमधून चालवून पाहा. माझे मागणे इतकेच.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. तोंडात बनियन कोंबलेले असूनही लाडोबा त्या दिवशी शेवटपर्यंत घुमतच होता. थांबला नव्हता. हल्ली दादा रोज त्याच्या तोंडावरची जाळी साफ करतो, तेव्हा मला अजूनही थोडे दुखते. पण आता पुन्हा रोज सकाळी माझ्यात ओतलेले कोमट पाणी झिरपून खाली त्याच्यापर्यंत जाते. ते मी अडवत नाही.