तीनदा विचारल्याशिवाय विष देऊ नये

व्हर्लिन हाउगस्टाड सुई टोचायच्या आधी पेशंटची माफी मागायचा, टोचताना मागायचा आणि टोचून झाल्यावर पुन्हा एकदा मागायचा. मिनेसोटातल्या त्या गावात दुसरा दंतवैद्य नव्हता, म्हणून लोक त्याच्याकडेच जात आणि येताना त्यालाच धीर देऊन येत. अशा या माणसानं मारेकऱ्यांसाठी पुरवणी नियम लिहायला घेतलेत हे कळलं, तेव्हा बर्नाडीन श्रोफर इतकी हसली की कॉफी टेबलभर झाली.

टेबल म्हणजे तिच्या तळघरातलं पिंगपाँगचं टेबल. दर शनिवारी जेवणं उरकली की चौघं त्याच्याभोवती बसत आणि संध्याकाळपर्यंत एका काल्पनिक राज्यात हिंडत. प्रत्येकाचं एक पात्र, कोण जगलं कोण मेलं ते फाशांवर. बर्नाडीन हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची आणि इथं सूत्रधार होती. राजे, राक्षस, पाऊसपाणी सगळं तिच्या ताब्यात. तिची नणंद लव्हॉन बँकेत होती आणि तिची जीभ कुठंही असली तरी सुट्टीवर नसायची. चौथे हार्लन ट्वाइट, दूध-लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले. पूर्वी त्यांची बायको इंगा बरोबर यायची. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. हार्लन एकटे यायचे, आपल्या त्याच खुर्चीत बसायचे आणि शेजारची खुर्ची कुणी ओढली तर बोलायचे काही नाहीत, फक्त बघायचे.

खेळाच्या छापील पुस्तकात मारेकऱ्यांबद्दल अर्धं पान होतं. फासे टाका, आकडा जुळला की समोरचा मेला. व्हर्लिनला हे फार असभ्य वाटायचं.

"माणूस मारायचा म्हणजे आधी थोडी ओळख तरी नको का?" तो म्हणाला होता.

"हो ना," लव्हॉन म्हणाली. "ख्रिसमसचं कार्डही पाठवत जा."

पण तो पेटला होता. त्याच्या पुरवणीप्रमाणे मारेकऱ्यानं वेश बदलून बळीच्या घरात शिरायचं, तिथं चाकरी करायची आणि त्याच्या सवयी शिकायच्या. एकेक सवय कळली की यशाची शक्यता शेकडा पाचनं वाढणार. बळीच्या खेळाडूला मात्र अजिबात पत्ता लागता कामा नये. चार पानांची पुरवणी ख्रिसमसपर्यंत बत्तीस पानांवर गेली. त्यातला विषाचा नियम तर मिनेसोटात वाढलेल्या माणसालाच सुचावा असा होता. बळी पहिल्यांदा 'नको' म्हणेल, दुसऱ्यांदा 'नको, खरंच नको' म्हणेल. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय त्याला विष देता येणार नाही.

"आणि त्यानं पहिल्यांदाच 'हो' म्हटलं तर?" बर्नाडीननं विचारलं होतं.

"पहिल्यांदाच?" व्हर्लिन गोंधळला. "असं कोण म्हणेल?"

बर्नाडीन क्लबचं एक मासिकही काढायची, सायक्लोस्टाइल केलेलं. उन्हाळ्यात चार राज्यांतले खेळाडू जमत तेव्हा त्याच्या प्रतींवर उड्या पडत. त्यात आपलं नाव छापून यावं असं व्हर्लिनच्या मनात सहा वर्षं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. बर्नाडीनची अट एकच आणि ती तिनं सख्ख्या भावासाठीही सोडली नव्हती: नियम टेबलावर खऱ्या खेळाडूच्या पात्रावर शेवटापर्यंत चालवून दाखवायचा, मगच छापायचा.

मारेकऱ्यानं मारण्याच्या तोलामोलाचं पात्र टेबलावर एकच होतं, हार्लनचा ओस्मुंड. एका पुलावरच्या किल्ल्याचा म्हातारा सरदार. पंधरा वर्षांच्या लढाया अंगावर मिरवणारा आणि हल्ली नुसता खिडकीशी बसून राहणारा.

म्हणून, पुरवणी अजून चार पानांचीच असताना, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी व्हर्लिननं जाहीर केलं की आपल्याला जुन्या पात्राचा कंटाळा आलाय, आता आपण पिप्लो नावाचा स्वयंपाकी खेळणार, आणि पिप्लोला ओस्मुंडच्या किल्ल्यात नोकरी हवी आहे. तलवारी, जादू, ड्रॅगन सोडून कुणी स्वयंपाकी होतो का? लव्हॉननं छताकडे बघितलं. बर्नाडीननं कॉफीच्या कपात तोंड घातलं. पण तोंडावर काही बोलायची तिथं रीत नाही. हार्लन तेवढे शांतपणे म्हणाले, "बरं झालं. जुना स्वयंपाकी गेल्यापासून ओस्मुंडचे हालच आहेत."

मग दर शनिवारी पिप्लोचे प्रश्न सुरू झाले.

"सरदार सकाळी काय घेतात?"

"ओट्स. वर थोडं लोणी. साखर आता बंद केलीय."

"सूप कुठलं आवडतं?"

"वाटाण्याचं. पण दाट हवं, चमचा उभा राहील असं. पातळ केलंस तर तो खाईल, बोलणार नाही, पण त्याला ते आवडणार नाही."

व्हर्लिन घाईघाईनं टिपून घ्यायचा आणि मनातल्या मनात पाच मिळवायचा. हार्लन सुरुवातीला दोन शब्दांत उत्तर द्यायचे. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, ते दहा-दहा मिनिटं बोलू लागले. ओस्मुंडला गुडघ्यामुळे जिना एका दमात चढवत नाही. मंगळवारी तो मासा खातो. दोन ताटं मांडायची सवय आहे, मांडून झाल्यावर एक परत ठेवतो. एकदा तर ते म्हणाले की ओस्मुंड रोज सहाला हवामानाच्या बातम्या ऐकतो.

"किल्ल्यात रेडिओ आलाय वाटतं," लव्हॉन म्हणाली.

हार्लनचे कान लाल झाले. "दवंडीवाला येतो," ते म्हणाले.

लव्हॉननं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि चक्क मिटून घेतलं. असं तिच्याकडून क्वचितच होतं, आणि व्हर्लिनच्या ते लक्षातही आलं नाही. तो पाच मिळवण्यात गुंतला होता.

जानेवारी उजाडला तेव्हा शक्यता शेकडा पंच्याण्णववर पोचली होती. त्याहून वर जायला त्याच्याच नियमांची बंदी होती. तरी व्हर्लिन काही ओस्मुंडला मारेना. एकदा म्हणाला, चंद्र बघायला हवा. एकदा म्हणाला, भांडं बदलायला हवं, आणि त्यासाठी भांड्यांवर दोन पानं वाढवली. आपण नियम पक्के करतोय अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. शेवटी बर्नाडीननं त्याला दवाखान्यात फोन केला.

"सोमवारी मासिकाचं स्टेन्सिल कापतेय. ह्या शनिवारी झालं तर छापलं, नाही झालं तर विसर. मारेकऱ्यांचे नियम म्हणून मी पाकशास्त्र छापणार नाही."

त्या शनिवारी बाहेर बर्फ गुडघाभर होतं. बर्नाडीननं लिंबाच्या वड्या केल्या होत्या. तिनं बशी पुढं केली, हार्लन 'नको' म्हणाले, 'खरंच नको' म्हणाले आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी छोटी' म्हणून त्यातली मोठी घेतली. टेबलाखाली व्हर्लिनच्या मुठीत फासे घामानं ओले झाले होते.

"पिप्लो सूप घेऊन येतो," तो म्हणाला. "वाटाण्याचं. दाट."

"चमचा उभा राहतोय?" हार्लननी विचारलं.

"राहतोय."

"वा."

आता तीनदा विचारायचं आणि फासे टाकायचे, एवढंच उरलं होतं. पण वेळ काढायची सवय लागलेली. त्यानं उगाच आणखी एक प्रश्न विचारला.

"सरदार जेवणाआधी काही म्हणतात का? प्रार्थना वगैरे?"

हार्लननी वडीचा चुरा बोटानं गोळा केला. "म्हणायचा. मोठ्यानं म्हणायचा. आता समोर कुणी नसतं. मोठ्यानं म्हटलं की आपलाच आवाज ऐकू येतो, आणि मग सूप गार होईपर्यंत बसून राहावं लागतं."

कोपऱ्यात बॉयलर घरघरत होता. आणि तेव्हा, टेबलावरच्या सगळ्यांच्या कितीतरी मागून, व्हर्लिनच्या डोक्यात उजेड पडला. ओट्स, गुडघा, मंगळवारचा मासा, परत ठेवलेलं ताट. त्या किल्ल्यात ओस्मुंड राहत नव्हताच. आपण तीन महिने कुणाच्या घरात शिरून चाकरी करतोय हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"पिप्लो वाडगं खिडकीतून ओतून देतो," तो म्हणाला.

"व्हर्लिन," बर्नाडीन हलकेच म्हणाली, "मग नियम शेवटापर्यंत चालला नाही. मला छापता येणार नाही."

"माहीत आहे."

"बत्तीस पानं!" लव्हॉन म्हणाली.

"चौतीस," व्हर्लिन म्हणाला, आणि ते त्याला खरंच लागलं. सहा वर्षांची इच्छा होती. त्यानं फासे खिशात टाकले.

"अरे, टाक ना फासे!" हार्लन एकदम वैतागले. त्यांना वाया गेलेलं काहीच बघवत नसे, मग ते सूप का असेना. "एवढी मेहनत केलीस, आता काय झालं? मला दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे तू मारेकरी आहेस ते."

"दुसऱ्या?" व्हर्लिनचं तोंड उघडंच राहिलं.

"मला पहिल्या," लव्हॉन म्हणाली.

"मग बोलला का नाहीत, हार्लन?"

हार्लननी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला आणि न घालता हातातच धरला.

"बोललो असतो तर तू विचारणं बंद केलं असतंस," ते म्हणाले.

त्यानंतर थोडा वेळ सगळ्यांनीच वड्या खाल्ल्या, न विचारता. मग बर्नाडीननं पुलाकडे राक्षसांची एक टोळी पाठवली, कारण सूत्रधाराच्या हातात तेवढंच असतं, आणि ओस्मुंड कितीतरी दिवसांनी खिडकीपासून उठला. त्याच्या मागं पिप्लो कढई घेऊन धावला आणि एका राक्षसाची माफी मागून त्याच्या डोक्यात ती घातली.

खेळ मोडल्यावर नेहमीप्रमाणे दाराशी अर्धा तास गेला. बूट, मफलर, रस्त्यावरचं बर्फ, गोठलेल्या तळ्यावर कुणी किती मासे धरले, पुन्हा बर्फ. लव्हॉन म्हणाली की स्वयंपाक्यांसाठी पुरवणी नियम निघाले तर ती स्वतः विकत घेईल. व्हर्लिन कसनुसा हसला. हार्लन कोटाची बटणं लावत होते आणि वरचं बटण काही केल्या लागत नव्हतं.

"रविवारी दुपारी काय असतं?" व्हर्लिननं विचारलं.

"ओस्मुंडचं?"

"तुमचं."

हार्लन बटणाशीच झटत राहिले. "काही नसतं."

"मग उद्या आमच्याकडे जेवायला या."

"छे, नको. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? वाटाण्याचं सूप करतो."

"नको, खरंच नको. माझं काय, ओट्स आहेत घरी."

व्हर्लिननं पुढं होऊन त्यांचं वरचं बटण लावून दिलं. सवयीनं आधी माफी मागून.

"या ना, हार्लन," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

हार्लननी टोपी कानावर ओढली आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"येतो," ते म्हणाले. "पण पहिला चमचा तू घ्यायचास."