पियानो कोणी दिला

हॉटेलच्या माणसाने झाकण उघडून एकदम तीन-चार पट्ट्या दाबल्या, तसे संघपाल खरात खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या माणसाला वाजवायचे नव्हते, आवाज निघतो की नाही एवढेच पाहायचे होते, हे त्यांना बोटांच्या धक्क्यावरूनच कळले.

"जरा हळू," ते म्हणाले. "डावीकडची एक पट्टी अडकते. दाबली की वर उचलून सोडावी लागते."

तो माणूस "सॉरी सर" म्हणाला आणि टेप ओढून लांबी-रुंदी मोजू लागला. त्याच्याबरोबर मुंबईहून एक जाणकार आला होता. हा उभा पियानो लंडनमध्ये बनलेला आहे, शंभरहून अधिक वर्षांचा आहे आणि अशा अवस्थेतला सहसा बघायला मिळत नाही, असे तो दबक्या आवाजात सांगत होता. पियानोच्या बदल्यात हॉटेलवाले अंध मुलांच्या या शाळेला नवे कीबोर्ड द्यायला तयार होते, प्रत्येक मुलाला एक याप्रमाणे. संस्थेचे सचिव काकासाहेब यांना हा सौदा वाईट वाटत नव्हता, आणि खरे तर संघपाल यांनाही त्याला वाईट म्हणवत नव्हते.

पाहुणे गेल्यावर काकासाहेब जवळ येऊन बसले.

"सर, तुमचा जीव त्याच्यात आहे, मला समजतं. पण हा दिला कोणी, कशासाठी दिला, कुणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं नवाबानं दिला, कोणी म्हणतं छावणीतल्या चर्चनं. जुनी कागदपत्रं तर पावसात गेली. देणाऱ्यानं मुलांसाठी म्हणून दिला असेल, तर मी त्याला हात लावणार नाही. सोमवारच्या बैठकीआधी त्या घरचा शब्द आणा."

संघपाल यांनी मान हलवली. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. स्वतः अंध असलेले ते याच शाळेत शिकले, याच पियानोवर त्यांची बोटे तयार झाली, इथेच संगीतशिक्षक म्हणून लागले. एका स्नेहसंमेलनात त्यांचे वाजवणे ऐकून एका मुलीच्या वडिलांनी स्थळाची चौकशी केली, आणि संसार उभा राहिला. एवढे सगळे ज्याच्यामुळे झाले त्याला एकदा हात जोडायचे मात्र राहूनच गेले होते. कोणासमोर जोडायचे तेच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी ब्रेल शिकवणाऱ्या आमरीनने स्कूटी काढली आणि त्यांना मागे बसवून हर्सूलला नेले. शाळेच्या पूर्वीच्या स्वयंपाकीण सरूबाई तिथे लेकाकडे राहत होत्या. त्यांनी संघपाल यांच्या डोक्यावरून हात फिरवला, केस पिकले म्हणून हळहळल्या आणि जेवलास का, असे विचारले. पियानोचे नाव निघताच त्या हसल्या.

"नवाब कुठला आलाय, बाबा. हातगाड्यावर आला व्हता त्यो. शौकत हमालाचा गाडा. चौघं जण घामानं निथळत व्हते, मीच पाणी दिलं. म्या इचारलं, कुणी धाडलं? तर म्हनला, शहागंजातल्या वकीलसाहेबाच्या घरून. अन् लई वेळ तिथंच उभा ऱ्हायला, लेकरं बोटं लावत व्हती ते बघत."

"काही निरोप दिला होता का?"

"नाय. निरोप नव्हता काई."

शौकत आता हयात नव्हते. त्यांचा मुलगा फरहान शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ फळांचे दुकान चालवत होता. संघपाल यांनी नाव सांगताच त्याने तराजू बाजूला ठेवला.

"अब्बा सांगायचे त्या बाजाचं. वकीलसाहेब तर गुजरून गेले. पण त्यांच्या बेगम, गौहर खाला, आहेत ना. चला, मी दाखवतो घर."

तो संघपाल यांचा हात धरून मागच्या गल्लीत घेऊन गेला. जुन्या फरशीचा गारवा चपलेतूनही लागत होता. गौहर खालांचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. त्यांनी संघपाल आणि आमरीनला दिवाणावर बसवले, फरहानला दुकानात परत पाठवले आणि मदतनीस बाईला चहा टाकायला सांगितला. संघपाल यांनी आपण कोण, कशासाठी आलो ते सगळे सांगितले. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले.

"इतकी वर्षं उशीर झाला, खाला. तुमच्या घरानं दिलं, त्यावर मी जगलो. एवढंच सांगायला आलो."

स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येत राहिला.

"बेटा, हात खाली करा," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलून शुक्रिया घेणार नाही. तो बाजा माझ्या सासऱ्यांनी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतला होता. साहेब विलायतेला परत निघाला होता, सामान काढत होता. घरात वाजवता कुणालाच येत नव्हतं. शोभेला होता. नाद होता फक्त माझ्या मुलीला. ताप आला तिला, आणि आठवडाभरात गेली. मग ज्याला बघावं तो भेटायला आला की एखादी पट्टी दाबायचा. उगीच, जाता-जाता. मला सहन होईना. शौकतला म्हटलं, हे आजच्या आज उचल. कुठं नेतोस ते मला सांगू नकोस. दान वगैरे काही केलं नाही मी. घरातून काढलं. शाळेत गेला, हे तर मला आत्ता कळतंय."

बैठकीत सांगायला आता काहीच उरले नव्हते, हे आमरीन आणि संघपाल दोघांनाही समजले. तरीही संघपाल यांना निराश वाटले नाही. समोर एक म्हातारी बाई खरे बोलून थकून बसली होती.

"शौकतभाईंनी नेला, तिथं मी होतो," ते म्हणाले. "कन्नडजवळच्या खेड्यातला मी. वडिलांनी शाळेत आणून सोडलं आणि एसटीनं परत गेले. मला वाटलं, टाकून गेले. मी कुणाशी बोलेना, जेवेना. नवी जागा, केवढी मोठी खोली, भिंत कुठं आहे तेच कळायचं नाही. चाचपडत एकदा त्याच्यापाशी पोचलो आणि खाली शिरलो. पट्ट्यांच्या खाली जागा असते ना, पाय ठेवायची. पाठ टेकवली की तिन्ही बाजूंनी लाकूड लागायचं. तिथं मला भीती वाटायची नाही. वर दुसरी मुलं पट्ट्या बडवायची, आणि तो आवाज मला कानांनी नाही, पाठीतून ऐकू यायचा. सरूबाई मला ताट तिथंच द्यायच्या. तिथून बाहेर आलो तो वाजवायलाच."

"कुठल्या बाजूला बसायचा?" गौहर खालांनी विचारले.

"डाव्या. जाड सुरांच्या खाली."

"तीही डाव्याच." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "जेवायची वेळ झाली की पाय धरून ओढून काढायची मी तिला. वर कुणीतरी वाजवा म्हणायची. येतंय कुणाला? मीच एका बोटानं काहीतरी दाबत उभी राहायची, हातात पीठ असलं तरी."

चहा आला. कप बशीवर ठेवल्याचे आवाज झाले. कोणी उचलला नाही. मग गौहर खाला सरळ बसल्या असाव्यात, कारण दिवाण करकरला.

"बेटी," त्या आमरीनला म्हणाल्या, "तुमच्या त्या सेक्रेटरींना फोन लाव. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

काकासाहेबांनी फोन उचलला. आमरीनने कोण बोलणार आहे ते सांगितले. गौहर खालांनी नमस्कार-सलाम यात फार वेळ घालवला नाही.

"वकीलसाहेबांच्या घरून बोलते. तो पियानो पहिल्यांदा तुमच्याकडे आला, तेव्हा मी तो दिला नव्हता. हे या सरांनाही सांगितलं. आज देते. मुलांना देते. हॉटेलात नाही जाणार तो. आणि खाली बसायची जागा अडवून कुणी कपाट-बिपाट ठेवू नका."

पलीकडे काकासाहेबांनी घसा साफ केला.

"नाही जाणार, आपा. शब्द देतो. पाटी लावू आम्ही त्याच्यावर. वकीलसाहेबांचं नाव टाकू, की तुमचं?"

"आमचं कशाला? मुलीचं टाका. मुबश्शिरा."

फोन बंद झाला. संघपाल यांनी झोळीतून ब्रेल लिहायची पाटी काढून मांडीवर ठेवली, जाड कागद अडकवला आणि ठिपके उठवायचा टोच्या हातात घेतला. पियानोवरची पाटी मुलांच्या बोटांना वाचता यायला हवी, म्हणजे नाव आधी आपल्याला नीट लिहिता आले पाहिजे, असे ते आमरीनला म्हणाले. तिने एकेक अक्षर सांगितले. टोच्याचे बारीक ठोके खोलीत पडत राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उलटा केला, त्यावरून बोट फिरवले आणि वाचून पाहिले.

"मुबश्शिरा."

बाहेर गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. गौहर खाला जरा पुढे सरकल्या.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. "या घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून फार दिवस झाले."

संघपाल यांनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेले.