घड्याळातून काढलेले सेल

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा रेकॉर्डर आहे. अंगाने साबणाच्या वडीएवढा आणि स्वभावाने भित्रा. माझ्या पोटात दोन पेन्सिल सेल बसतात. ते संपले की मी मेल्यात जमा. शिवाय माझी एक खोड आहे. ऐकलेले सारे मी आधी तोंडात धरून ठेवतो आणि थांबवायचे बटण दाबले तरच गिळतो. मध्येच सेल संपले, तर सगळे मुसळ केरात!

कारखान्यात तपासणीच्या बाईंनी मला 'एक, दोन, तीन' ऐकवले आणि मी ते बिनचूक परत म्हटले. मग एका बातमीदाराने मला घेतले. "हा कधी दगा देत नाही," असे तो चारचौघांत सांगे, आणि मी फुलून जाई. पुढे त्याच्या हाती फोन आला नि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली.

एका दुपारी खण उघडला. बातमीदाराच्या बहिणीच्या घशाचे ऑपरेशन होते. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिची मुलगी अजून लहान होती.

"दादा, तिच्यासाठी माझा आवाज भरून ठेव. फोनमध्ये नको, फोन काय, बदलत राहतात. हा तिच्या उशाशी राहील."

घाईघाईत त्याने घरातल्या दोन घड्याळांचे सेल काढून माझ्यात घातले. "घड्याळं चालतायत म्हणजे सेल ठणठणीत आहेत," तो म्हणाला. मला धडकीच भरली. अहो, घड्याळ खाते मुंगीएवढे, आणि मी बकासुर!

दवाखान्यातल्या खाटेवर बसून ती बोलू लागली. तिने गोष्ट सांगितली, कविता म्हटली, मुलगी पहिल्यांदा चालली तो दिवस सांगितला. घसा दुखला की ती घोटभर पाणी पिई. इकडे माझी सेलची खूण शेवटच्या रेघेवर येऊन लुकलुकू लागली. बातमीदार डोळे पुसत खिडकीबाहेर बघत होता. जन्मभर लोकांचे बोलणे टिपले, पण "बटण दाबा हो!" एवढे मला म्हणता येईना. आणि मी विझलो.

नवे सेल पडले तेव्हा मला जाग आली. माझ्यात काहीच उरले नव्हते. ऑपरेशनसाठी तिची खाट दाराबाहेर निघाली होती.

"सिस्टर, एक मिनिट थांबा ना!"

"डॉक्टर आत वाट बघतायत हो," सिस्टर म्हणाल्या. पण खाटेच्या चाकाला पाय लावून उभ्या राहिल्या.

तिचा घसा पार बसला होता. गोष्ट नाही, कविता नाही. ती माझ्यावर वाकली आणि एवढेच म्हणाली, "ऊठ गं राणी, दूध गार होतंय."

बटण दाबले गेले. मी ते गिळले.

ती वाचली. आता ती खुणांनी बोलते. मुलगी रोज सकाळी मला ऐकते, मग उठते. पण मित्रांनो, माझ्यातले ते सेल आता जुने होऊन पाझरू लागले आहेत. आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आहे. 'चालतोय ना अजून' म्हणून कुणी झाकण उघडत नाही. त्या आवाजाची दुसरी प्रतही कुणी केलेली नाही.

काल मुलीने बटण दाबले, तर क्षणभर काहीच आले नाही. दाराशी उभ्या आईचा हात गळ्याकडे गेला. मित्रांनो, तेवढे झाकण कुणीतरी उघडा हो.