एमेटचं प्यादं

पितळेची सळई लेथच्या फिरत्या पकडीत आवळताना लॉवेलला पुन्हा एमेटचं पत्र आठवलं. ते बर्फाच्या दिवसांत आलं होतं. आता दारच्या मेपलला पालवी फुटली होती आणि उत्तर अजून गेलं नव्हतं.

दोघे मित्र तरुणपणापासून टपालाने बुद्धिबळ खेळत. एक पत्र, एक चाल. लॉवेल एकही डाव जिंकला नव्हता आणि त्याचं त्याला फारसं काही वाटतही नसे. एमेटने या खेपेला लिहिलं होतं, "माझ्या राजाशेजारचं प्यादं कुत्र्याने गिळलं. त्या जागी कोटाचं बटण ठेवलंय. तुमच्या गॅरेजात ते नवं यंत्र आलंय ना? मग एक प्यादं करून पाठव. आणि चाल तुझी आहे."

यंत्र त्याच्या बायकोचं, हेझलचं होतं. शाळेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवून ती निवृत्त झाली आणि आकडे भरले की आपोआप चालणारा हा छोटा लेथ तिने स्वतःला भेट दिला. लॉवेलचं आयुष्य गावच्या वाचनालयात गेलेलं. यंत्राला हात लावण्याआधी त्याने त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, जागोजागी कागदाच्या खुणा घातल्या. मग स्वतःच्या पटावरचं प्यादं मोजून त्याने आकडे भरले. हत्यार एका बाजूने आत येतं, म्हणजे मध्यापासूनचं अंतर द्यायला हवं, असा विचार करून जाडीचा प्रत्येक आकडा त्याने निम्मा केला होता.

हेझलने झाकण लावून घेतलं आणि हिरवं बटण त्यालाच दाबायला लावलं. पितळेचा सोनेरी कीस उडू लागला. लॉवेल काचेला नाक लावून बघत राहिला.

बाहेर आलं ते प्यादं उंचीला बरोबर होतं, पण अंगाने अगदीच काडी.

हेझलने ते चष्म्याजवळ धरून निरखलं.

"याला मी ओळखते," ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या फोटोत माझ्या शेजारी हाच उभा आहे."

लॉवेलचे कान लाल झाले. लेथ पूर्ण व्यास मागतो, निम्मं करायचं काम तो स्वतः करतो, हे तिने त्याला समजावलं. पुस्तकात तसं लिहिलंही होतं. त्या पानात लॉवेलची खूण होती.

दुसरं प्यादं नीट उतरलं. गोल डोकं, बारीक मान, खाली पसरट बूड. बोटांत धरलं तेव्हा अजून कोमट होतं. लॉवेलने ते आपल्या लाकडी प्याद्याशेजारी ठेवलं, खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा सळईकडे हात नेला.

"मान जरा जाड वाटते," तो म्हणाला.

हेझलने यंत्र बंद केलं.

"मान ठीक आहे. काय अडलंय ते सांग."

लॉवेल स्वेटरला चिकटलेला कीस एकेक करून वेचून खिशात टाकू लागला.

"माझा उंट हे प्यादं मारू शकतो. मारलं तर एमेटच्या राजाला जायला जागाच उरत नाही."

"म्हणजे तू जिंकतोस."

"तसं दिसतंय. पण एमेटला ते दिसलं नसेल, असं कसं होईल?"

"तुला कधी दिसलं?"

"पत्र उघडलं त्याच दिवशी."

हेझल स्टुलावर बसली. हसू दाबायला तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलतच होते.

"म्हणजे या बिचाऱ्याला आपण मरायलाच जन्माला घातलं."

"बटण मारून जिंकलो असतो," लॉवेल म्हणाला, "तर मलाच ते खरं वाटलं नसतं."

तिने पितळी प्यादं मऊ फडक्याने पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

स्वयंपाकघरात कॉफी घेऊन तो लिहायला बसला. उशिराबद्दल माफी मागितली. बटणाच्या जागी हे प्यादं ठेव, नीट बघून घे आणि मग उचल, कारण माझ्या उंटाने ते मारलं आहे, असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: माझं काही चुकत असेल तर कळव. कपात कॉफी ओतता ओतता हेझलने त्या ओळीवर बोट ठेवलं, एवढंच. लॉवेलने दुसरा कागद घेतला आणि ती ओळ सोडून बाकी सगळं उतरवून काढलं. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून शेवटी लिहिलं, "सोबतचं काटकुळं पुढच्या डावासाठी. त्या डावात पांढरी मोहरी तुझी."

दोन्ही प्यादी कापसात गुंडाळून त्याने लहान खोक्यात भरली, तिकिटं चिकटवली आणि रस्त्याकडेच्या टपालपेटीत खोकं ठेवून टपाल न्यायचं आहे हे पोस्टमनला कळवणारा तिचा लाल झेंडा वर केला. घराकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला. परत जाऊन खोकं काढता आलं असतं. तो खिशात हात घालून तिथेच उभा राहिला. खिशातला पितळेचा कीस बोटांना टोचत होता.

टपालाची गाडी वळणावर दिसली, पेटीपाशी थांबली, पुढे गेली. झेंडा खाली झाला होता.