पूजेसाठी उघडलेलं झाकण

मी मास्क बोलतोय. कानाला अडकवायचा कापडी तुकडा नव्हे हो! मी अमोनियाचा मास्क. अख्खा चेहरा झाकणारा, समोर काच, हनुवटीखाली हिरवा फिल्टर. रत्नागिरीच्या बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात, काचेच्या कपाटात माझं आयुष्य गेलं. आयुष्य कसलं, कैदच म्हणा.

बर्फ करायला अमोनिया लागतो. तो पाइपातून सुटला की डोळ्यांची आग होते, श्वास कोंडतो, आणि जास्त झाला तर माणूस जातो. माझा फिल्टर तो अडवतो, पण त्याच्या तोंडावरचं झाकण सीलबंद हवं. एकदा सील फोडलं की नुसता पडून असला तरी फिल्टर हवेतली ओल पितो आणि सहा महिन्यांत कुचकामी होतो. इथल्या हवेत मिठालाही पाणी सुटतं, तिथे माझी काय कथा! हे सगळं माझ्यावर छापलंय. वाचतंय कोण?

कारखान्यातली मशीन काशीराम चालवायचा. वीस वर्षं झाली त्याला. माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. "हा डबा तोंडाला कोण लावणार? नाक हाय ना माझा!" म्हणायचा. वास आला की ओला पंचा तोंडाला धरून सगळ्यांच्या आधी बाहेर. मला राग यायचा, पण माणूस धडधाकट होता.

गेल्या दसऱ्याला यंत्रांची पूजा होती. मॅनेजर विनोदशेठ म्हणाले, "सेफ्टीचं सामानही मांडा रे, फोटो चांगला येईल." काशीरामने मला कपाटातून काढलं, फडक्याने पुसलं. मग फिल्टरवरचं सील बघून म्हणाला, "प्लॅस्टिकसकट कोण पूजेला लावतो काय?" आणि नखाने सील फोडून, झाकण फिरवून त्याने बाजूला ठेवलं. अरे देवा! मी आतल्या आत किंचाळलो. त्याने भक्तिभावाने मला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्याच्यावर रागावू तरी कसा? नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मी परत कपाटात.

जूनमध्ये स्नेहल आली. मुंबईला जाऊन सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा पास झालेली, दापोलीकडची पोरगी. पहिल्याच दिवशी तिने कपाट उघडलं आणि माझ्यावरचं वाळलेलं गंध बघून कपाळाला हात लावला.

"काशीकाका, हे झाकण कधी उघडलंत?"

"दसऱ्याला गो. पूजा केली ना!"

ती ओरडली नाही. शेजारी बसून तिने त्याला सगळं समजावलं, मला चेहऱ्यावर कसं बसवायचं तेही दाखवलं. पंच्याने काही अडत नाही, मास्कच हवा, पण हा आता मेला आहे, नवा फिल्टर येईपर्यंत याला हात लावायचा नाही. काशीराम ओशाळला. "नवा येऊंदे. तू सांगतेस तर घालीन मी, बाय." स्नेहलने नव्या फिल्टरसाठी अर्ज दिला आणि मला लाल चिठ्ठी बांधली : वापरू नये. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणीतरी खरं लिहिलं!

अर्ज विनोदशेठांच्या टेबलावर पडून राहिला. ऑगस्टमध्ये पावसाळी बंदी उठून मासेमारीच्या बोटी सुटल्या, बर्फाची मागणी वाढली, आणि त्यातच सुरक्षेचं प्रमाणपत्र देणारे तपासनीस येणार असं कळलं. शेठनी स्नेहलला दोन दिवस चिपळूणच्या ऑफिसला पाठवलं. मग कपाट उघडून लाल चिठ्ठी टरकन फाडली. "पाहुण्यांसमोर हे कशाला?" म्हणे! तपासनिसांनी मला काचेतूनच पाहिलं, कागदावर बरोबरची खूण केली, चहा घेतला. प्रमाणपत्राची फ्रेम संध्याकाळी भिंतीवर लागली. चीड चीड झाली माझी.

काशीरामने कपाटात डोकावून पाहिलं. चिठ्ठी नाही. त्याचा चेहरा खुलला. "आला वाटतं नवा फिल्टर."

नाही रे बाबा, नाही आला!

दुसऱ्याच दिवशी दुपारी मशीनच्या खोलीत व्हॉल्व्हचा जोड सुटला. बाकीचे पळाले. काशीराम मात्र धावत माझ्याकडे आला. स्नेहलने दाखवलं होतं तसं मला चेहऱ्यावर घट्ट बसवलं, पट्टे ओढले आणि आत शिरला. त्याचे डोळे माझ्या काचेतून अगदी जवळून दिसत होते. जरासुद्धा घाबरलेले नव्हते. पहिल्या श्वासाला खोकला आला, तरी तो पाना घेऊन नट आवळत राहिला. होईल बंद, मास्क आहे, असं त्याला वाटत असणार. जोड बंद झाला आणि दारापाशी तो कोसळला.

जीव वाचला, फुप्फुसं गेली. आता बिछान्यावरून उठला तरी धाप लागते. त्याची बायको तुळसा पाठीमागे उशा लावून बसलेली असते.

शेठनी चौकशीत सांगितलं, "मास्क होता. यानेच नीट लावला नसणार."

म्हणून आज स्नेहल मला पिशवीत घालून हॉस्पिटलात घेऊन आली आहे. फाटलेल्या चिठ्ठीचा दोरा अजून माझ्या पट्ट्याला आहे. चौकशीचे साहेब वही उघडून काशीरामला विचारतायत, "मास्क नीट लावला नव्हता का?"

काशीराम दम घेत घेत बोलतो, "नीट लावलेला, साहेब. म्हणून तर आत थांबलो."

लिहा हो साहेब! हे एवढं तरी लिहून घ्या!